दर पानाखाली सही

वैशाख लागला की भिवंडीतल्या आमच्या कामतघरातला आवाज कमी होतो. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, कारण बाकी सगळीकडे लगीनसराईत आवाज वाढतो. पण आमच्याकडे कापडाच्या लूमवरचे कारीगर सुट्टी काढून मुलूकला, आपापल्या गावी जातात, लग्नं त्यांच्याही घरी असतातच, आणि चाळीच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांत निम्मे लूम गप्प उभे राहतात. वर्षभर ज्या खटखटीत आपण जेवतो, भांडतो, झोपतो, ती अर्ध्यावर आली की पहिले दोन दिवस काहीतरी हरवल्यासारखं होतं. मग त्या रिकाम्या झालेल्या जागेत लांबचे आवाज येऊन बसतात. खाडीकडच्या गावांतल्या हळदींचा बेंजो, डीजेची धडधड, आणि संध्याकाळी वारा फिरला तर बायकांच्या गाण्याची एखादी ओळ, अर्धीच. ती अर्धी ओळ मला सोसत नाही. मी उठून खिडकी लावते आणि पंख्याखाली घामाघूम होऊन बसते.

यंदा अशीच खिडकी लावून बसले होते तेव्हा तबस्सुमचा फोन आला. मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते तिथली ती विद्यार्थिनी, एका लूम मास्टरची मुलगी, वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. म्हणाली, "मॅडम, वो मानवशास्त्र में एम.ए. करायचं तर काय काय लागतं? जरा सांगा ना, लिहून घेते." मी यादी सांगितली. दोन वर्षं, चार सत्रं. ठरलेले श्रेयांक. पंचाहत्तर टक्के हजेरी. हाडं आणि कवट्या मोजण्याचं प्रात्यक्षिक. तीस दिवस एका गावात राहून क्षेत्रकार्य, त्याची रोजनिशी. वंशावळी काढता आल्या पाहिजेत. शेवटी लघुप्रबंध आणि तोंडी परीक्षा. पलीकडे तिचं पेन थांबल्याचं मला कळलं. "बस, इतनाच?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं.

माझं 'हो' फार पटकन निघतं. ही खोड जुनी आहे.

नऊ वर्षांपूर्वीच्या लगीनसराईत मी त्या पदवीसाठी अंजूरला राहायला गेले होते, चांगुणा आत्याकडे. सख्खी आत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण, अंजूरला दिलेली. क्षेत्रकार्यासाठी कोणी गडचिरोलीला गेलं, कोणी नंदुरबारला. मी भिवंडीतून रिक्षा पकडून अर्ध्या तासात पोचले म्हणून वर्गात माझी यथेच्छ टिंगल झाली. पण आमच्या मार्गदर्शक मॅडमना विषय ऐकताच आवडला. चांगुणा आत्या धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या कितीतरी आधी जिचं काम सुरू होतं आणि भटजी घरी गेल्यावरही जिचं चालूच असतं, ती गाणारी बाई. मांडवाला खांब कोणता, हळदीला पाणी कुठल्या विहिरीचं, नवरीला उठवायचं केव्हा, हे सगळं तिच्या गाण्यात असतं. तिच्या धवल्याशिवाय मांडव म्हणजे नुसती चार बांबूंची सावली, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या.

त्या महिन्याचं काय काय आठवतं. दुपारी अंगणात सारवलेल्या जमिनीचा आणि वाळत टाकलेल्या सुकटीचा मिळून एक वास यायचा, तो माझ्या रोजनिशीच्या पानांना आजही आहे असं मला वाटतं. अंगणाच्या पूर्वेला पूर्वी भाताची खाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे खाडी दिसायची. मी गेले तेव्हा तिथे गोडाऊनची पत्र्याची भिंत उभी होती, निळी, आणि सकाळी नऊपर्यंत तिच्या सावलीत आत्याचं अख्खं घर बुडालेलं असायचं. आत्या त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. तांदूळ निवडताना, भाकरी थापताना, माझ्याशी बोलताना, कायम पाठ. मी ते रोजनिशीत 'अवकाशाचा वापर' या मथळ्याखाली नोंदवलं होतं. हुशार होते मी.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, मंग त्या पदवीला काय काय लागतं. मी यादी म्हटली, अगदी तबस्सुमला सांगितली तशीच. ती ऐकत होती, हाताने लसूण सोलत. मग म्हणाली, "दोन वरसां? मना बारा लागली." लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या मागे मागे मांडवात जायची. पहिली चार वर्षं फक्त तांदूळ सडायचे आणि ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. मग मागून सूर द्यायचा. मग एकेक धवला स्वतः उचलायचा. चुकलं तर सासू सगळ्यांसमोर थांबवायची आणि पहिल्यापासून म्हणायला लावायची, नवरी हळदीच्या अंगाने ताटकळत बसली तरी चालेल. आणि सगळ्यांत शेवटी, बाराव्या वर्षी, नावं. ती दिली की शिकवणं संपलं. सासू मग वर्षभरात गेली.

नावांबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. हळदीच्या सकाळी धवलारीण मांडवात देवांना बोलावते, आणि देवांच्या मागोमाग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाला, नावाने. एक नाव घेतलं की घरच्या सवाष्णी एक चिमूट तांदूळ सुपात टाकतात. म्हणजे तो आला, बसला. तांदूळ पडला नाही तर तो आलाच नाही, आणि ज्याला बोलावलंच नाही त्याचं काय होतं हे विचारायचं नसतं. घरच्या लोकांना आजोबांच्या पलीकडची नावं कुठे माहीत असतात. ती धवलारणीने ठेवायची, गावातल्या प्रत्येक घराची. आत्याच्या स्वतःच्या सासरघरची एकोणीस होती. वंशावळीच्या तक्त्यात आम्ही पुरुषाला त्रिकोण काढतो, बाईला वर्तुळ, आणि माणूस मेलेलं असेल तर त्यावरून एक तिरकी रेघ. मी अंगणात बसून तक्ता काढत होते आणि ती सांगत होती. सगळ्याच खुणांवरून रेघा गेल्या तेव्हा ती वाकून बघत म्हणाली, यांना असा खोडून काय टाकलास. मी समजावलं, की ही पद्धत आहे. तिला पटलं नाही.

धवला असा कुणी सांगितलं म्हणून म्हणायचा नसतो. मोबाईल समोर ठेवून "आत्या, म्हण" असं मी पहिल्या आठवड्यात तीनदा म्हटलं असेन, आणि तीनदा ती उठून गेली. मग एका सकाळी तिनेच अंगणात चार बांबू रोवून घेतले, आंब्याचे टहाळे बांधले, सूप घेतलं, तांदूळ घेतले. मला न्हाऊन यायला लावलं. म्हणाली, नुसतं हाक मारून माणसाला दारात उभं करू नये, जिवंत असो का मेलेलं. एकोणीस नावं, एकोणीस चिमटी. तांदूळ मी टाकले, कारण दुसरं कोणी नव्हतं. त्यानंतर तिने सगळ्यांना परत पाठवण्याचा धवला म्हटला, तो तर मी कधी ऐकलाच नव्हता. मध्येच पत्र्याच्या भिंतीपलीकडे ट्रक मागे येऊ लागला, त्याची पींपीं रेकॉर्डिंगमध्ये आली. लिहून काढताना मी तिथे कंसात 'ट्रकचा आवाज' असं लिहिलं आहे. तिचा आवाज जाड होता, जरासा घोगरा, खालच्या पट्टीतला. नाव आलं की तो मऊ व्हायचा, झोपलेल्या लेकराला उठवताना होतो तसा. हे मी कंसात लिहिलं नाही. कुठल्या मथळ्याखाली लिहिणार होते.

मग संमतीपत्र. ज्याच्याकडून माहिती घेतो त्याची लेखी संमती लागते, तीन पानांचा छापील कागद असतो. मी शाईचा पॅड काढला, तर तिने अंगठा पदराखाली घेतला. पूर्वेकडचं शेत गोडाऊनला गेलं तेव्हा घरातल्या पुरुषांनी कागद आणून तिचा अंगठा घेतला होता. कागदात काय आहे ते तिला दुसऱ्या दिवशी जेसीबी आल्यावर कळलं. "अंगठा न्हाय देनार," ती म्हणाली. "मना सई शिकव."

आठ दिवस आम्ही सही शिकलो. लगीनसराई असल्यामुळे घरात पत्रिकांचा ढीग होता, त्यांच्या कोऱ्या पाठींवर निळ्या पेनने. चांगुणा. बारा वर्षं गाणी पाठ केलेली बाई ती, पण पेन धरलं की तिच्या कपाळावर घाम यायचा. 'च' पोटात फुगायचा, 'ण' मागे पडून एकटाच उभा राहायचा. जेवताना ताटातल्या आमटीत बोटाने, चुलीपुढच्या राखेत काडीने, कुठेही ती चांगुणा लिहायची. आठव्या दिवशी जमलं. तिला बाकी एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण हा एक शब्द ती कुठेही ओळखायची. तिने विचारलं, तिन्ही पानांवर कशाला, शेवटी एकदाच केली तर नाही का चालणार. मी सांगितलं की दर पानाखाली सही असली म्हणजे मधलं पान कोणी बदलू शकत नाही. ज्या पानाखाली तुझी सही, ते सगळं तू सांगितलेलं, ते खरं. तिला हे फार आवडलं. शेताच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर, असं ती म्हणाली नाही, पण तिने त्या तीन पानांवर इतक्या जोरात सही केली की खालच्या चटईवर उमटली.

त्या कागदात एक कलम होतं, की माहिती देणाऱ्याची आणि त्याने सांगितलेल्या माणसांची खरी नावं प्रबंधात येणार नाहीत. ते मी तिला वाचून दाखवलं. दाखवलं म्हणजे भरभर वाचलं, बाकीच्या कलमांसारखं, पुस्तकी मराठीत. ती मान हलवत होती. मी थांबून तिच्या बोलीत सांगायला हवं होतं. उन्हं कलली होती आणि मला शेवटची रिक्षा गाठायची होती, असं मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. खरं म्हणजे मला भीती होती की कळलं तर ती सही करणार नाही.

प्रबंध लिहिताना मॅडमनी आठवण केली, नावं बदललीस ना. त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणायच्या, आपण निघून येतो, माणसं तिथेच राहतात, त्यांना आपल्यामुळे त्रास होता कामा नये. यात खोटं काहीच नाही. मी एकोणीस नावं शोधायला बसले. इतकी नावं एकदम सुचेनात, म्हणून शेवटी माझ्या शाळेतल्या दहावी ब चा हजेरीपट आठवला आणि क्रमाने घेत गेले. मॅडमनी 'निलेश' वर लाल खूण केली, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव निलेश कसं असेल म्हणून. मी त्याचा नीळकंठ केला. योगिताची यमुना केली. आत्याचं सुलोचना ठेवलं, भारदस्त वाटलं म्हणून. त्या संध्याकाळी मैत्रिणींना हे सांगून आम्ही पोट धरून हसलो होतो. आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना मी अंजूरच्या मांडवात पितर म्हणून बसवलं होतं.

तोंडी परीक्षा चांगली झाली. वंशावळीच्या तक्त्याचं कौतुक झालं. त्यानंतर एक शेवटचा कागद उरला होता. खऱ्या आणि बदललेल्या नावांची यादी, तक्त्याचा कच्चा खर्डा आणि सगळी रेकॉर्डिंग्ज नष्ट केल्याचं हमीपत्र. ते दिल्याशिवाय निकालावर शिक्का बसत नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, कोण बघायला येतंय, एक प्रत ठेव काढून. पण मी प्रामाणिक मुलगी. विभागाच्या व्हरांड्यात उभी राहून मी यादी फाडली, खर्डा फाडला, मोबाईलवर एकेक फाईल पुसली. दर वेळी तो विचारायचा, नक्की का. मी दर वेळी हो म्हटलं. मग आत जाऊन सही केली. माझी सही सुंदर येते.

बांधून आलेल्या प्रतींपैकी एक मी आत्याला नेऊन दिली. काळं कापडी कव्हर, सोनेरी अक्षरं, एकशे बारा पानं. तेव्हाही लग्नाचे दिवस होते, ती सकाळीच कुठल्यातरी मांडवातून आली होती आणि हातांना हळद होती. तिने हात धुतले. पुस्तकाला कुंकू लावलं. मग भिंतीला पाठ लावून बसली आणि पहिल्या पानापासून उलटायला लागली.

ती काय करते आहे हे माझ्या लक्षात यायला दहा-बारा पानं जावी लागली. ती प्रत्येक ओळीवरून बोट नेत होती. तिला एकच शब्द वाचता येत होता, आणि ती तो शोधत होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तिसऱ्या पानावर बोलले असते तरी चाललं असतं, तिसाव्या पानावर बोलले असते तरी. मी चहा केला. मी अंगणातले कपडे काढून घड्या घातल्या. उन्हं भिंतीवरून उतरली, पलीकडे गोडाऊनची शिफ्ट सुटली, आणि ती नव्वदाव्या पानावर होती. एखाद्या ठिकाणी बोट थांबायचं, ती पुस्तक डोळ्यांजवळ न्यायची, मग बोट पुढे सरकायचं. शेवटचं पान झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"माजा नाव नाय," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझा चेहरा बघून तिलाच काय वाटलं कोण जाणे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरोबर हाय गो. धवलारनीचा नाव धवल्यात येत नाय. बाकीची सगली आयली नं?"

मी म्हटलं, हो.

एवढंच. एक अक्षर. पदवीला त्याचे श्रेयांक नाहीत.

त्यानंतर मी अंजूरला कमी जाऊ लागले. नोकरी शोधते आहे, पेपर तपासते आहे, कारणांना काय तोटा. गेले तरी उभ्या उभ्या. ते पुस्तक तिने लग्नातल्या तांबड्या कापडात बांधून देवाच्या फळीवर ठेवलं होतं आणि कुणालाही हात लावू देत नव्हती. दुसरं कोणी शिकायला आलं नाही. सून गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची, तिची ड्युटी बदलती, बारा वर्षं मांडवात बसायला तिच्याकडे बारा दिवस नव्हते. बाबा एकदा आत्याला म्हणाले की कोणाला तरी देऊन ठेव गाणी. ती म्हणाली म्हणे, दिल्यान, पोरीने लिवून ठेवल्यान. बाबांनी घरी येऊन हे मला कौतुकाने सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात ती गेली. चार दिवस ताप होता. मी पोचले तेव्हा तिला अंगणात काढलेलं होतं आणि पहिल्यांदाच तिचं तोंड त्या निळ्या भिंतीकडे होतं. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मी कोणाला सांगितलं नाही.

आणि या वैशाखात तिच्या नातीचं लग्न आलं. काशादादा, आत्याचा मुलगा, गोडाऊनचा टेम्पो चालवतो. तो स्वतः पत्रिका घेऊन कामतघरला आला आणि मला म्हणाला, हळदीला सकाळीच ये, तुझं काम आहे. मला वाटलं फोटो वगैरे काढायचे असतील. तबस्सुमचा फोन त्याच संध्याकाळी आला होता.

मांडव मोठा होता, सोनेरी पडद्यांचा. डीजेवाल्याने खांबाएवढे स्पीकर लावून ठेवले होते, पण काशादादाने त्याला दहा वाजेपर्यंत हात लावायचा नाही असा दम दिला होता. मांडवाच्या मधोमध सूप होतं. त्याच्याभोवती पाच सवाष्णी बसल्या होत्या, मुठीत तांदूळ घेऊन. आणि काशादादा आतून ते तांबडं कापड घेऊन आला.

"आय बोलून गेली," तो म्हणाला. "मी नसले तं आपली बाय येल, ती यातशी नावां वाचल. बस हितं."

मला पाटावर बसवलं. नवरी समोर होती, पिवळ्या साडीत, आत्याचंच कपाळ घेऊन. मी गाठ सोडली. कव्हरवर कुंकू होतं, वाळून तपकिरी झालेलं. मी पहिलं पान उघडलं. त्यावर माझं नाव, खाली मॅडमचं, आणि त्या दोघींच्या खाली, निळ्या पेनने, फुगलेल्या 'च' आणि मागे राहिलेल्या 'ण' सकट: चांगुणा.

पुढचं पान उलटलं. तिथेही तळाला चांगुणा. त्याच्या पुढच्याही. अनुक्रमणिका, नकाशा, ऋणनिर्देश, जिथे मी 'सुलोचनाबाईंची' आभारी होते त्याच्याखाली. दर पानाखाली सही. कधी बसून केल्या असतील तिने, सून ड्युटीला गेल्यावर, भिंतीकडे पाठ करून, कपाळावर घाम आणून. मधलं पान कोणी बदलू नये म्हणून. हे सगळं मी सांगितलेलं, हे खरं, म्हणून.

वंशावळीचं पान आलं. एकोणीस खुणा, एकोणीस तिरक्या रेघा, आणि त्यांच्याखाली स्वच्छ छापलेला दहावी ब चा वर्ग. नीळकंठ. यमुना. तळाला चांगुणा.

बायका वाट बघत होत्या. मला ती नावं वाचता आली असती. कोणालाच कळलं नसतं, अगदी कोणालाच, तांदूळ पडत गेले असते, डीजे सुरू झाला असता, आणि मी संध्याकाळी मटणाचं जेवण जेवून रिक्षाने घरी आले असते. माझं तोंड उघडलंही होतं. पण त्या नावांच्या खाली तिची सही होती.

मी पुस्तक मिटलं आणि काशादादाला सांगितलं की यातली नावं खोटी आहेत. मीच बदलली, नियम होता. खरी फाडून टाकली. त्याला आधी समजलंच नाही. त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पानं चाळली, आणि मला दाखवत म्हणाला, "आयची सई हाय की खाली."

"हाय, दादा."

"मंग?"

"तिला वाचाला येत नव्हता, दादा."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग त्या बायकांतली सगळ्यांत म्हातारी, आत्याच्या मागून सूर द्यायची ती, हळू आवाजात म्हणाली, तुला जी आठवतात ती घे.

मी ते रेकॉर्डिंग लिहून काढताना शेकडो वेळा ऐकलं होतं. पण लिहिताना दर वेळी हाताने खोटं नाव लिहिलं होतं, आणि हाताने कानावर मात केली होती. खोटी मला आजही एकोणीस तोंडपाठ आहेत, क्रमाने, हजेरीसारखी. खऱ्यांतली सात आली. सात, आणि त्यातल्या एकाबद्दल मला खात्री नव्हती. मला गाता येत नाही, मी नुसती नावं घेतली, पुस्तकी आवाजात. सुपात सात चिमटी पडल्या. मग माझं डोकं रिकामं झालं. नवरीने मान खाली घातली होती. मी आठवं नाव घेतलं, चांगुणा, आणि आठवी चिमूट त्या म्हातारीने टाकली.

बायका आणखी थोडा वेळ थांबल्या. मुठी मिटलेल्याच होत्या. मग एकीने उठून डब्याचं झाकण काढलं, आणि उरलेले तांदूळ त्यांनी एकेक करून परत डब्यात सोडले.

डीजे सुरू झाला तेव्हा मी मांडवामागे, पत्र्याच्या भिंतीच्या सावलीत, पुस्तक घेऊन बसले होते. पानं मोजत होते की सह्या, माहीत नाही. साठाव्या पानापर्यंत निळी शाई होती. मग फिकट. मग कुठून तरी मिळवलेलं लाल पेन, दहा-पंधरा पानं. शेवटच्या वीसेक पानांवर काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं, थकली असेल, थांबली असेल. पण पान उन्हात तिरकं धरलं तेव्हा तळाशी कागद दबलेला दिसला. शाई संपली होती आणि ती पेन मागायला कोणाकडे गेली नव्हती. तिने नुसत्या टोकाने, जोर देऊन, नाव कोरलं होतं. मी डोळे मिटून त्यावरून बोट नेलं, जसं तिने त्या दुपारी माझ्या ओळींवरून नेलं होतं. एकशे बाराव्या पानापर्यंत ते लागत होतं.